अकरा नंबरची तेविसावी पेटी

जुन्या नोंदवह्यांमधलं अक्षर लागणारं माणूस आता भूसर्वेक्षण खात्यात कुणी उरलं नव्हतं, म्हणून २०४१ च्या ऑक्टोबरात हेमांगी वैरागडेला पुन्हा नागपूरच्या तिच्या जुन्या कार्यालयाच्या इमारतीत बोलावलं गेलं. निवृत्त होऊन तिला सात वर्षं झाली होती. हिंगणा रोडवरच्या तिथल्या गोदामात शेकडो बोअरहोलमधून काढलेले दगडी दांडे ठेवलेले होते. लाकडी पेट्यांच्या रांगाच्या रांगा, छतापर्यंत. भूशास्त्रज्ञ त्या दांड्यांना कोअर म्हणतात. पोकळ पात्याच्या ड्रिलनं डोंगराला भोक पाडलं की आतला दगड मनगटाएवढ्या जाडीच्या दांड्यासारखा बाहेर येतो. तो ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं पेटीत मांडायचा. एका पेटीत पाच मीटर. डोंगराच्या पोटात काय आहे याचा तेवढाच पुरावा हातात असतो.

जस्ताला त्या वर्षांत अचानक मोल आलं होतं. सूर्यापासून मिळालेली वीज साठवायला गावोगाव जस्ताच्या बॅटऱ्या बसत होत्या, आणि पन्नास-पन्नास वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या टेकड्यांच्या फायली पुन्हा उघडल्या जात होत्या. नव्यानं भोकं पाडण्याआधी जुने कोअर नीट वाचून घ्यावेत, असं ठरलं. त्यासाठी आलेल्या यंत्राला सगळे सांधणी म्हणत.

सांधणी दोन कामं करायची. कोअरवर क्ष-किरण आणि अवरक्त प्रकाश टाकून प्रत्येक सेंटिमीटरला कोणतं खनिज आहे ते सांगायची. दुसरं काम जास्त अवघड होतं. ड्रिलमधून निघताना दांडा तुटतो, आणि प्रत्येक तुटीचा चेहरा वेगळा असतो. फुटलेल्या बशीचे दोन तुकडे जसे एकमेकांतच बसतात, तिसऱ्यात बसत नाहीत, तसं. सांधणी प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं केसाच्या जाडीपेक्षा बारीक मापात टिपायची आणि गोदामातल्या साऱ्या टोकांशी ताडून बघायची. शेजारी चुकला असेल तर खरा शेजारी कुठे आहे तेही सांगायची.

हे यंत्र चालवणारी नाझिया काझी पस्तिशीची इंजिनिअर होती. एका सकाळी तिनं हेमांगीला हाक मारली.

"मॅडम, लालपहाडीच्या दोन पेट्या बघा. नऊ नंबरच्या बोअरची तेविसावी पेटी नऊची नाहीच. दोन्ही टोकं अकरा नंबरमध्ये बसतात. आणि अकराच्या तेविसाव्या पेटीत जो संगमरवर आहे, तो नऊचा."

हेमांगी पडद्याजवळ गेली नाही. लांबूनच म्हणाली, "खात्री आहे?"

"खात्री म्हणजे काय, जुळणी नव्व्याण्णव टक्के आहे. आणि हे बघा ना, या पेटीत चार मीटर जस्त-शिसं आहे! त्रेचाळीस वर्षं कुणी उघडली नाही ही पेटी. कसं काय झालं असेल हो?"

हेमांगीनं खुर्ची ओढली आणि बसली. कसं झालं ते तिला ठाऊक होतं.

*

नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ लालपहाडी नावाची एक बुटकी टेकडी आहे. इंग्रजांच्या काळात कुण्या सर्वेक्षकानं तिथल्या हिरव्या दगडाची नोंद केली होती. पुढे साठच्या दशकात चर खणले गेले, दोन-चार नमुन्यांत जस्त दिसलं आणि काम थांबलं. १९९७ मध्ये खात्यानं तिथे ड्रिलिंग सुरू केलं ते दिगंबर उमाठे यांच्या हट्टामुळे. उमाठे तेव्हा चाळिशीचे. हेमांगी चोवीसची, नोकरीची पहिलीच पोस्टिंग, आणि त्या कॅम्पवर आलेली पहिली मुलगी. तिला पाठवू नये म्हणून वरून दोन पत्रं आली होती. उमाठेंनी दोन्ही पत्रांना उत्तर दिलं आणि तिच्यासाठी वेगळा तंबू मागवला.

त्यांनीच तिला स्कार्न शिकवला. टेकडीवर उभं राहून, हातवारे करत.

"हे बघ, इथे खाली समुद्रतळाची चुनखडी होती. दाबानं तिचा संगमरवर झाला. मग बाजूनं वितळलेला ग्रॅनाइट घुसला. त्याच्या अंगातलं उकळतं खारं पाणी संगमरवरात शिरलं आणि दोघांच्या भांडणातून नवीनच दगड तयार झाला. तोच स्कार्न. ग्रॅनाइटच्या जवळ तपकिरी गार्नेट, जरा लांब गेलं की हिरवा पायरॉक्सीन. आणि पाणी थंड होत होत जिथे संगमरवराच्या उंबऱ्याशी पोचतं ना, तिथे ते जस्त आणि शिसं टाकून देतं. उंबरा शोधायचा, हेमांगी. बाकी सगळं आपोआप."

दहा बोअर झाले. उंबरा सापडला नाही. अकराव्या बोअरला, १९९८ च्या मार्चमध्ये, एकशे अकरा मीटरवर कोअर बाहेर आला आणि उमाठेंनी तो जागेवरच पुसून पाहिला. मधासारखं तपकिरी जस्ताचं खनिज, त्यात शिशाचे चमकते चौकोनी कण. चार मीटर सलग. त्यांनी तिथेच नोंद केली, एक तुकडा खिशात घातला आणि नागपूरला कळवायला जीप घेऊन निघाले. हेमांगी त्या दिवशी कॅम्पवर हिशेब-वहीच्या कामात होती. तिनं तो कोअर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला टेकडीवरच्या पेट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून कॅम्पवर आणायच्या होत्या. अकराच्या नव्या पेट्या आणि दोन महिन्यांपासून वर पडून असलेल्या नऊच्याही. ओढ्याच्या उतारावर ट्रॉली एका बाजूला कलली आणि दोन पेट्या खाली आपटल्या. दांडे धुळीत विखुरले. काहींवर ड्रिलच्या चिखलाचा वाळलेला लेप, काहींवर दोन महिन्यांची धूळ. खाली लोळून सगळे सारखेच राखाडी.

ट्रॅक्टरवाला सुकलाल रडकुंडीला आला होता. "बाई, साहेबाले नोका सांगू. माही नोकरी जाईन."

तिच्या स्वतःच्या नोकरीला सहाच महिने झाले होते. मुलीला काम जमलं नाही, असं म्हणायला सगळे टपलेच होते. तिनं दांडे पटापट गोळा केले, एका पेटीत एक ढीग, दुसरीत दुसरा. एका ढिगातले दांडे हाताला जड लागले होते. ते तिला जाणवलं, आणि तरीही ती थांबली नाही. झाकणं ठोकली. नऊ नंबरचं काम संपलेलंच होतं, त्या पेट्या त्याच दुपारी नागपूरच्या गोदामात गेल्या.

चार दिवसांनी उमाठे वरिष्ठांना घेऊन परत आले आणि त्यांनी अकराची तेविसावी पेटी सगळ्यांसमोर उघडली. आत पांढरा, कोरा संगमरवर होता.

त्याच क्षणी हेमांगीला कळलं. बोलायला तोंड उघडलंही होतं. पण वरिष्ठांपैकी एकजण हसला, आणि त्या हसण्यानं तिचा धीर गेला.

पुढे चौकशी समिती बसली. खिशातला तो तुकडा दुसऱ्याच खाणीतून आणलेला असणार, नोंद खोटी असणार, असं बोललं जाऊ लागलं. उमाठे एकच सांगत होते, पेट्या बदलल्या आहेत. समितीनं हेमांगीला बोलावलं. वाटेत पेट्यांना काही झालं का?

"नाही," ती म्हणाली.

उमाठे समोरच बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग समितीला म्हणाले, "ती नाही म्हणते म्हणजे नाही. ती खोटं बोलणारी मुलगी नाही. मग मला कळत नाही काय झालं ते."

त्यानंतर त्यांनी पेट्यांचा मुद्दा काढलाच नाही. सहा महिन्यांनी राजीनामा दिला. लालपहाडीची फाईल बंद झाली.

*

"कारण काय लिहू, मॅडम?" नाझियानं विचारलं. "अहवालात रकाना आहे. अज्ञात लिहिलं तरी चालतं. जुन्या केसेसमध्ये बहुतेक अज्ञातच असतं."

"दोन दिवस थांब," हेमांगी म्हणाली.

या इमारतीत तिनं चौतीस वर्षं नोकरी केली होती. शेवटी तर ती उपमहासंचालक होती, गोदामाची किल्ली तिच्याच टेबलावर असायची. नऊ नंबरची रॅक कुठे आहे ते तिला माहीत होतं. पेटी उघडली नाही तोवर आत काय आहे हे कुणालाच, तिलाही, माहीत नाही, असं ती स्वतःला सांगत आली होती. आता तेवढाही आडोसा राहिला नव्हता.

घरी जाऊन तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. प्रभाकर वीज मंडळातून निवृत्त झालेला शांत माणूस. भाजी निवडत होता, निवडतच राहिला.

"जिवंत आहेत का ते?" त्यानं विचारलं.

"काटोलला असतात. मुलीकडे."

"तुला कसं माहीत?"

"मला नेहमीच माहीत होतं. आधी सावनेरला शाळेत भूगोल शिकवायचे. मग काटोल."

प्रभाकरनं भाजीची परात बाजूला ठेवली. "एक्केचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. त्यांचं नाव निघालं की तुझं डोकं दुखायचं. मी बाम लावून द्यायचो." तो उठला. "कपाळाला बाम लावून द्यायचो मी, हेमा. आणि तू लावून घ्यायचीस."

तो आत गेला. दुसऱ्या दिवशी काटोलला सोबत चल, असं म्हणायचं तिच्या जिभेवर होतं. तिनं म्हटलं नाही.

*

दार उघडलं ते उमाठेंच्या मुलीनं, मेघनानं. पंचावन्नच्या आसपासची, शाळेत मुख्याध्यापिका. हेमांगीचं नाव ऐकून ती जरा थबकली, पण आत घेतलं.

"बाबांना दगडांबद्दल बोलायला आवडत नाही," तिनं स्वयंपाकघरात पाणी देताना हळूच सांगितलं. "आमच्या घरात एकही दगड नाही. मी शाळेत असताना एकदा नदीवरून गोटे आणले होते, ते पण टाकायला लावले."

उमाठे अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. चौऱ्याऐंशीचे, वाळलेले, पण नजर तीच. त्यांनी तिला ओळखलं.

"हेमांगी? बस. केस पांढरे झाले की तुझे."

ती बसली. वाटेत ठरवलेली वाक्यं सगळी गेली.

"सर, अकराची तेविसावी पेटी सापडली."

वाऱ्यानं पडलेलं एक पान त्यांनी मांडीवरून झटकलं.

"कुठे?"

"नऊच्या तेविसाव्यात."

"ट्रॉली," उमाठे म्हणाले.

"ओढ्याच्या उतारावर कलली होती. दोन पेट्या पडल्या. मी भरल्या."

"आणि समितीपुढे?"

"खोटं बोलले, सर."

मेघना चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच उभी राहिली. उमाठेंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"चार मीटर?" त्यांनी विचारलं.

"चार मीटर. एकशे अकरा ते एकशे पंधरा. तुम्ही लिहिलं होतं तसंच."

"म्हणजे मी पाहिलं होतं."

"हो."

"मी खरंच पाहिलं होतं," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "तुला सांगतो, पहिली दहा वर्षं मला खात्री होती. मग कमी व्हायला लागली. सगळी माणसं एक सांगतात, पेटीतला दगडही तेच सांगतो. वेगळं सांगणारा मी एकटाच. मला वाटायला लागलं की जस्त सापडावं म्हणून मी इतका झपाटलो होतो की मीच काहीतरी केलं असेल. तो तुकडा मी दुसरीकडून आणला असेल, आणि विसरलो असेन. माणूस असं विसरू शकतो, मी वाचलं होतं कुठेतरी."

"सर..."

"थांब. कुमुद गेली, माझी बायको, नऊ वर्षांपूर्वी. शेवटच्या आठवड्यात मी तिला म्हटलं, तेव्हा मी खोटी नोंद केली होती, तू माझ्यामुळे आयुष्यभर मान खाली घातलीस, मला माफ कर. ती म्हणाली, केलं. म्हणाली, मला आधीपासूनच वाटत होतं, पण तुम्ही बोलावं म्हणून थांबले होते." त्यांनी चष्मा काढला. "तिनं मला माफ केलं, हेमांगी. जे मी केलंच नव्हतं त्यासाठी. आणि तसंच समजून ती गेली. आता तिला कोण सांगणार?"

मेघनानं चहाचा ट्रे खाली, पायरीवर ठेवला.

"मला माफ करा असं म्हणायला..." हेमांगीनं सुरुवात केली.

"नको," ते म्हणाले. "त्या शब्दाचा मला फार चांगला अनुभव नाही." मग विचारलं, "कागदावर लिहिलंस?"

"अजून नाही. आधी तुम्हाला सांगायचं होतं."

"आधी लिहून यायचं होतंस. आता मी लिही म्हटलं तर तुझा शेवट मी केला, आणि नको म्हटलं तर माझाच." ते उठले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले.

मेघना फाटकापर्यंत आली. "मी बारा वर्षांची होते तेव्हा," ती म्हणाली. "वर्गातल्या मुली मला खोटारड्याची पोरगी म्हणायच्या. आई म्हणायची, लक्ष देऊ नकोस. पण तिचंही लक्ष असायचं." एवढं बोलून तिनं फाटक लावलं.

*

त्याच संध्याकाळी हेमांगीनं गोदामात जाऊन कारणाचा रकाना भरला. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख, ट्रॉली, ओढा, समितीपुढे दिलेलं उत्तर. सुकलालचं नाव तिनं लिहिलं नाही. तो केव्हाच वारला होता. नाझियानं पडद्यावर वाचलं, एकदा हेमांगीकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

अहवाल जाहीर झाला. पहिल्या आठवड्यात पुष्कळ फोन आले, दुसऱ्या आठवड्यात थांबले. तिच्या हाताखाली शिकलेल्या, तिला दिवाळीला न चुकता भेटायला येणाऱ्या मुली त्या वर्षी आल्या नाहीत. प्रभाकर घरात वागायला नेहमीसारखाच होता. फक्त कधी तिचं डोकं दुखलं तर बामाची बाटली तिच्यासमोर ठेवून द्यायचा आणि आपल्या खोलीत जायचा. खात्यानं उमाठेंचा सत्कार करायचं ठरवलं. त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवून नकार दिला, पण खाली लिहिलं की लालपहाडीला पुन्हा ड्रिलिंग होणार असेल तर एकदा कोअर बघायला आवडेल.

जानेवारीत ड्रिलिंग सुरू झालं. उमाठेंच्या जुन्या नकाशावर, त्यांनी आखलेल्या जागी. बारा नंबरच्या बोअरमध्ये उंबरा सापडला, पण जस्त सत्तर सेंटिमीटरच होतं. तेरामध्ये काहीच नाही. चौदा नंबरचा कोअर फेब्रुवारीच्या एका दुपारी निघणार होता, तेव्हा मेघना त्यांना घेऊन आली. नाझियाच्या आग्रहावरून हेमांगीही आली होती. टेकडीवर पळस फुलला होता. जुन्या कॅम्पच्या जागी आता वनखात्याची रोपवाटिका होती.

उमाठे पेटीपुढे स्टुलावर बसले. कुणीतरी भिंग दिलं. ते दांड्यांवरून बोट फिरवत गेले, तपकिरी गार्नेट, फिकं गार्नेट, हिरवा पायरॉक्सीन, संगमरवर. अगदी त्यांनी सांगितलं होतं त्याच क्रमानं. उंबऱ्याच्या जागी बोटाएवढा जाड जस्ताचा पट्टा होता.

"एवढाच?" त्यांनी विचारलं.

नाझियानं गुडघ्यावर बसून हळू आवाजात समजावलं. सांधणीनं आता सगळ्या बोअरचे कोअर एकत्र मांडून चित्र काढलं होतं. जस्ताचा साठा मसुराच्या दाण्यासारखा होता, मध्ये जाड आणि चहूबाजूंनी निमुळता. अकरा नंबरचा बोअर नेमका त्याच्या जाड भागातून गेला होता. त्याच्या बाहेर काही नव्हतं. खाण निघण्याजोगं तर नव्हतंच.

"म्हणजे तेव्हा पेटी बरोबर उघडली असती," उमाठे म्हणाले, "तर अजून दोन बोअर घेतले असते, आणि फाईल बंद झाली असती."

"हो, सर. बहुतेक त्याच वर्षी."

"आणि मी पुढच्या टेकडीवर गेलो असतो."

उमाठेंनी भिंग मिटलं. त्या पट्ट्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. हेमांगी त्यांच्या डावीकडे, चार पावलांवर उभी होती. त्यांचे खांदे हलताना तिनं पाहिले आणि ती पुढे झाली, पण तेवढ्यात मेघना त्यांच्याजवळ पोचली होती.

ऊन उतरायला लागल्यावर सगळे निघाले. वाट अरुंद होती, गाड्या दोन. नाझियानं पहिल्या गाडीचं दार उघडून धरलं. "वैरागडे मॅडम, सरांच्या शेजारी जागा आहे. बसता का?"

उमाठे आत बसले होते. त्यांनी काचेतून हेमांगीकडे पाहिलं. ती चोवीसची असल्यापासून, आणि चार महिन्यांपूर्वी संत्र्याच्या झाडाखालीही, ते तिला तूच म्हणत आले होते.

"तुम्ही मागच्या गाडीनं या, मॅडम," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. अनोळखी बाईशी बोलावं तसं ते अदबीनं बोलले होते. मेघनानं दार ओढून घेतलं. गाडी ओढ्याच्या उतारावरून सावकाश खाली गेली, आणि तिचा आवाज बंद होईपर्यंत हेमांगी वाटेच्या कडेला उभी राहिली.